दम धरणारी शर्यत

कोलकात्याच्या उत्तर सीमेवरील डमडम हे नाव मराठी माणसाच्या कानावर बहुधा दोन कारणांनी पडलेले असते. एक तेथील विमानतळामुळे, आणि दुसरे तेथील दारूगोळ्याच्या कारखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार झालेल्या व १८९९ च्या हेग परिषदेने युद्धात निषिद्ध ठरवलेल्या ‘डमडम’ गोळीमुळे. या गावाच्या नावाचा संबंध ‘दमदमा’ या शब्दाशी जोडला जातो. तोफा चढवण्यासाठी रचलेला मातीचा उंचवटा म्हणजे दमदमा. बदलीच्या निमित्ताने तेथे गेलेल्या मराठी माणसाला मात्र त्या नावात प्रथम ऐकू येतो तो ‘दम’. दम धरणे, दमाने घेणे, दमदार पावले टाकणे! व्युत्पत्तीचा आधार या ऐकण्याला नाही. तरीही डमडमच्या रस्त्यावरून हौशी मोटार-स्पर्धेला निघणाऱ्यासाठी याहून समर्पक उपदेश दुसरा नाही.

मोटार आणि कोलकाता यांचे नाते जुने आहे. आज पूर्व भारताच्या नावाने ओळखली जाणारी तेथील ऑटोमोबाइल असोसिएशन १९०४ सालची. एके काळी मुंबईत जुहू आणि चेन्नईजवळ शोलावरम येथे होत, तशाच मोटार-शर्यती कोलकात्याजवळ बराकपूरच्या धावपट्टीवरही होत असत. ‘दि स्टेट्समन’ या वृत्तपत्राच्या जुन्या मोटारींच्या रॅलीने १९६० च्या दशकापासून या शहराला आपलेसे केले. हुगळीच्या पलीकडे उत्तरपाडा येथील कारखान्यातून २०१४ पर्यंत अँबॅसडर गाड्या बाहेर पडत होत्या. त्याच हिंदुस्तान मोटर्सच्या ‘काँटेसा क्लासिक’ गाडीतून कोलकात्याच्या सलू चौधरी आणि नीना चौधरी या दांपत्याने ९ सप्टेंबर ते १७ नोव्हेंबर १९८९ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा केली. विषुववृत्ताच्या लांबीइतके, म्हणजे चाळीस हजारांहून अधिक किलोमीटर अंतर त्यांनी ६९ दिवस, १९ तास आणि ५ मिनिटांत कापले आणि गिनेस विक्रमांत आपले नाव नोंदवले. सहा खंडांतील बहुतेक रस्ते अनोळखी असताना हे घडले. अशा प्रवासात केवळ वेगावर भिस्त ठेवून भागत नाही. कोणत्या बंदरात कोणती कागदपत्रे लागतील आणि कोणता सुटा भाग कोठे मिळणार नाही, हे घर सोडण्यापूर्वीच ठाऊक असावे लागते.

हाच धागा पकडून एक विचार मांडण्यासारखा आहे. हौशी मोटार-स्पर्धेचे खरे मोल अनोळखी रस्त्यावर उतरण्यापूर्वीच्या तयारीत असते. म्हणून स्पर्धेची रचना, तिचे गुणांकन आणि तिचे कौतुक या तिन्ही गोष्टी वेगाकडून तयारीकडे वळावयास हव्यात.

सेकंदांचा ताळेबंद

आपल्याकडे सामान्य नोकरदाराला स्वतःच्या घरगुती गाडीसह भाग घेता येईल अशी स्पर्धा म्हणजे ‘वेळ, वेग, अंतर’ या तत्त्वावरील रॅली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘टीएसडी’ म्हणतात. या स्पर्धेत सर्वांत आधी पोहोचणारा जिंकत नाही. नेमून दिलेल्या सरासरी वेगाने, नेमक्या सेकंदाला, नेमक्या ठिकाणी असणारा जिंकतो. तपासणी नाके कोठे आहेत हे स्पर्धकाला सांगितलेले नसते. नाक्यावर उशिरा पोहोचल्यास दंडाचे गुण मिळतातच, शिवाय अनेक स्पर्धांमध्ये लवकर पोहोचण्याचा दंड उशिराच्या दंडापेक्षा जड असतो. घाईला शिक्षा करणारा खेळ म्हणून त्याचे वेगळेपण लक्षात घ्यावयास हवे.

मार्ग सांगणारी पुस्तिका बहुधा प्रारंभाच्या थोडाच वेळ आधी हाती पडते. तिच्यात नकाशा नसतो. प्रत्येक वळणासाठी एक छोटी आकृती असते. टिंब म्हणजे आपण जेथून आलो ती दिशा आणि बाण म्हणजे जावयाची दिशा. शेजारी आरंभापासूनचे एकूण अंतर आणि मागील खुणेपासूनचे अंतर दिलेले असते. हॉलंडमध्ये १९४९ साली सुरू झालेल्या ट्युलिप रॅलीवरून या आकृत्यांना ‘ट्युलिप’ हे नाव मिळाले.

मग प्रश्न असा की, जो रस्ता ठाऊकच नाही त्याची तयारी करावयाची तरी कशी? उत्तर सोपे आहे. रस्ता अज्ञात असला तरी गाडी, घड्याळ आणि गणित अज्ञात नसते. ताशी ३० किलोमीटर वेगाला एका किलोमीटरसाठी १२० सेकंद लागतात, ३६ किलोमीटर वेगाला १०० सेकंद आणि ४० किलोमीटर वेगाला ९० सेकंद. हे कोष्टक घरच्या टेबलावर शांतपणे तयार करून ठेवता येते. धावत्या गाडीत, खड्ड्यांतून उडत असताना ते मनात मांडू पाहणारा हमखास चुकतो.

त्याहून महत्त्वाची तयारी गाडीच्या अंतरमापकाची. टायर झिजलेला असेल, त्यात हवा कमी असेल किंवा मूळ मापापेक्षा वेगळा टायर बसवला असेल, तर चाकाच्या एका फेरीत कापले जाणारे अंतर बदलते. मापक मात्र जुन्याच हिशेबाने चालत राहतो. आयोजकांनी मोजलेले १० किलोमीटर अंतर आपल्या मापकावर १०.४ दिसले, असे समजू. फरक अवघा चार टक्क्यांचा आहे. परंतु आयोजकांच्या ६० किलोमीटरवर आपला मापक ६२.४ दाखवील. ताशी ३६ किलोमीटरच्या सरासरीने या २.४ किलोमीटरचे २४० सेकंद होतात. म्हणजे चार मिनिटांची चूक, आणि तीही चालकाचा कोणताही दोष रस्त्यावर दिसत नसताना! चूक रस्त्यावर उघड होते, पण तिचा उगम आदल्या दिवशीच्या अपुऱ्या तपासणीत असतो. बँकेच्या काउंटरवर दिवसाअखेर रोकड जुळत नाही, तेव्हा चूक बहुधा शेवटच्या व्यवहारात नसते. सकाळच्या गर्दीत, ‘एवढे तर बरोबरच असणार’ म्हणून न मोजलेल्या एखाद्या पुडक्यात ती असते. ज्यांनी हा अनुभव घेतला आहे त्यांना अंतरमापकाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

नकाशात नसलेला रस्ता

गाडी व गणित जुळले तरी प्रदेश उरतोच. स्पर्धेचा नेमका मार्ग गुप्त असला तरी त्या प्रदेशाचा स्वभाव गुप्त नसतो. डमडमच्या विमानतळापासून दोन अगदी निराळ्या प्रकृतीचे रस्ते निघतात. एक बेलघरिया एक्सप्रेसवे. तो दक्षिणेश्वराकडे जाऊन २००७ साली खुल्या झालेल्या निवेदिता सेतूवरून हुगळी ओलांडतो आणि डानकुनीमार्गे दुर्गापूरच्या वाटेला लागतो. रुंद आणि सरळ असा हा रस्ता चालकाला वेगाची भूल घालतो. दुसरा जेसोर रोड. मध्यमग्राम, बारासात करीत तो बनगावच्या सीमेकडे जातो. बारासातच्या पुढे त्याच्या दुतर्फा जुन्या पर्जन्यवृक्षांचे प्रचंड बुंधे उभे आहेत. काही ठिकाणी डांबराची कड आणि झाडाची साल यांत फारसे अंतर राहत नाही. त्याच अरुंद पट्ट्यावर सायकली, मालाची तीनचाकी व्हॅन, विजेवर चालणाऱ्या ‘टोटो’ रिक्षा, ट्रक आणि शाळेतून परतणारी मुले यांची ये-जा चालू असते.

उपग्रहाने टिपलेल्या प्रतिमा आज मोबाइलवर पाहावयास मिळतात. रस्त्याचे वळण त्या अचूक दाखवतात. परंतु कोणत्या गावात कोणत्या वारी हाट भरतो, रेल्वेचे फाटक कोणत्या वेळी बंद असते, पूजेच्या दिवसांत मंडपासाठी रस्ता कोठे निम्मा होतो, हे त्या सांगत नाहीत. शिवाय रॅलींचा हंगाम हिवाळ्याचा, आणि डिसेंबर-जानेवारीत गंगेच्या या सखल मैदानावर पहाटे दाट धुके उतरते. डमडमच्या विमानांचीही त्याने अडवणूक होते. ट्युलिपच्या आकृतीतील ‘डावीकडे पिवळी शाळा’ धुक्यात दिसणार नाही, हे गृहीत धरूनच तयारी करावी लागते. ही माहिती चहाच्या टपरीवर विचारून, आठवड्यापूर्वी त्या भागात एकदा सपत्नीक फेरफटका मारून, सायकलवाल्याशी दोन शब्द बोलून मिळते.

बोलण्याचाही एक धडा आहे, आणि तो मराठी माणसाने विशेष लक्षात ठेवावा असा आहे. बंगालीत उजव्या बाजूला ‘डान’ म्हणतात. वाट विचारल्यावर समोरचा सद्गृहस्थ आपुलकीने ‘डान दिके’ म्हणतो, तेव्हा मराठी कानाला त्या ‘डा’मध्ये ‘डावा’ ऐकू येतो आणि स्टिअरिंग नेमके उलट वळते. तसेच ‘मोड’. आपल्याकडे भाजीसाठी कडधान्याला मोड आणतात. तेथे मोड म्हणजे चौक. बारासातचा चांपाडाली मोड हे त्या परिसरातील प्रत्येकाला ठाऊक असलेले ठिकाण. अनोळखी मुलखात पूर्णपणे परका शब्द फारसा धोकादायक नसतो, कारण त्याचा अर्थ आपण विचारून घेतो. ओळखीचा वाटणारा शब्द फसवतो, कारण तो आपण विचारतच नाही.

मुलूख आधी जाणून मगच पाऊल टाकण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. १६६४ च्या सुरत स्वारीच्या संदर्भात बहिर्जी नाईक यांनी आणलेल्या माहितीचा उल्लेख बखरीत येतो. घोडे दौडले ते नंतर. इतिहासात दौडीचे वर्णन रंगते आणि हेरगिरीला एखादे वाक्य मिळते. हे आपल्या कौतुकाच्या सवयीचे द्योतक आहे, आणि मोटार-स्पर्धांच्या बातम्यांतही तीच सवय दिसते.

कागदाची गुंडाळी

पूर्वतयारीने काय साधते याचे जगप्रसिद्ध उदाहरण इटलीतील आहे. ब्रेशा येथून रोम आणि परत ब्रेशा अशी ‘मिल्ले मिलिया’, म्हणजे हजार मैलांची शर्यत सार्वजनिक रस्त्यांवरून होत असे. १ मे १९५५ रोजी स्टर्लिंग मॉस या इंग्रज चालकाने मर्सिडीज-बेन्झ ‘३०० एसएलआर’ या गाडीतून ती १० तास, ७ मिनिटे आणि ४८ सेकंदांत जिंकली. सरासरी वेग ताशी सुमारे १५७ किलोमीटर. गाडीवरील ७२२ हा क्रमांक म्हणजे सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी सुटण्याची वेळ.

मॉसच्या शेजारी डेनिस जेन्किन्सन हा मोटार-क्रीडेवर लिहिणारा पत्रकार बसला होता. दोघांनी शर्यतीपूर्वी मार्गावर अनेक फेऱ्या मारल्या होत्या. जेन्किन्सनने प्रत्येक अवघड वळण, चढ आणि फाटक टिपून त्यांची प्रतवारी केली होती. काही वळणे नुसती खट्याळ, काही दगाबाज, तर काही अतिशय धोक्याची. या नोंदी सुमारे पाच मीटर लांबीच्या कागदाच्या पट्टीवर लिहून ती खिडकी असलेल्या धातूच्या डबीत दोन रुळांवर गुंडाळली. इंजिनाच्या गर्जनेत शब्द ऐकू येणार नव्हते, म्हणून हाताच्या खुणा ठरवल्या. उंचवट्यापलीकडचा रस्ता दिसत नसतानाही शेजाऱ्याच्या बोटावर विश्वास ठेवून मॉसने ॲक्सिलरेटर दाबून धरला. जेन्किन्सनला वाटेत मळमळले, तो बाहेर वाकला आणि वाऱ्याने त्याचा चष्मा उडाला. त्याच्या खिशात दुसरा चष्मा होता! शर्यतीच्या इतिहासात हा दुसरा चष्मा इंजिनाइतकाच महत्त्वाचा मानावयास हवा.

त्या दिवशी दुसरा आलेला हुआन मान्युएल फान्जिओ हा त्या काळचा सर्वश्रेष्ठ चालक. गाडी मर्सिडीजचीच, मात्र तो एकटा होता. सुमारे ३२ मिनिटे मागे राहून तो पोहोचला. हे सारे अंतर कागदाच्या गुंडाळीने पाडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तरीही पुढे रॅलीच्या जगात अशा नोंदी वाचणारा सहकारी अपरिहार्य झाला, ही त्या गुंडाळीच्या यशाची पावती होय.

प्रवेशपत्र न भरलेली माणसे

येथवरची कथा मनोहर आहे. परंतु तिचा पुढील भाग सांगितल्याशिवाय ती पुरी होत नाही. दोनच वर्षांनी, १९५७ साली, त्याच शर्यतीत गुइदित्सोलो गावाजवळ एका गाडीचा टायर फुटला. चालक, त्याचा सहकारी आणि रस्त्याकडेला उभे असलेले नऊ प्रेक्षक मृत्युमुखी पडले. त्या नऊ जणांत पाच मुले होती. त्यानंतर शर्यत तिच्या मूळ स्वरूपात पुन्हा झाली नाही.

मॉसची तयारी मॉसपुरती निर्दोष होती. पण रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या मुलांची तयारी कोणी केली होती? स्पर्धक प्रवेशपत्र भरतो, जोखीम वाचतो, सही करतो. सायकलवरून दूध नेणारा माणूस सही करीत नाही. सार्वजनिक रस्त्यावरील स्पर्धेत त्याचीही गणना भागीदार म्हणून होते. मात्र त्याच्या वाट्याला नफ्याचा अंश येत नाही, येतो तो केवळ तोट्याचा धोका. ज्या व्यवहारात एका पक्षाला लाभ आणि संमती न देणाऱ्या दुसऱ्या पक्षाला जोखीम, तो व्यवहार कोणत्याही हिशेबात न्याय्य ठरत नाही.

याचे उत्तर त्याच शर्यतीने पुढे दिले. १९७७ पासून मिल्ले मिलिया जुन्या मोटारींची नियमितता-स्पर्धा म्हणून पुनरुज्जीवित झाली. तेच नाव, तोच ब्रेशा ते रोमचा प्रवास. मात्र आता कस लागतो तो सेकंदांच्या अचूकतेचा. टीएसडी रॅलीही याच कुळातील आहे. म्हणून हौशी स्पर्धेसाठी सार्वजनिक रस्त्यावर हाच एक मार्ग योग्य ठरतो. वेगाची ओढ ज्यांना आवरत नाही, त्यांच्यासाठी चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे आणि कोइम्बतूरला बंदिस्त शर्यत-मार्ग आहेत. तेथे पोहोचणे खर्चिक आहे आणि पूर्व भारतातील हौशी तरुणासाठी ते दूर आहे, हा आक्षेप खरा आहे. परंतु मैदान दूर आहे म्हणून कोणी घराच्या दिवाणखान्यात क्रिकेट खेळू लागत नाही.

तथापि टीएसडी रॅलीही आपोआप सुरक्षित होत नाही. एक साधे उदाहरण पुरेसे आहे. सरासरी ताशी ३६ किलोमीटर ठेवावयाची आहे आणि रेल्वे फाटकात चार मिनिटे गेली. पुढे १२ किलोमीटर शिल्लक असतील तर २० मिनिटांऐवजी १६ मिनिटांत ते कापण्यासाठी ताशी ४५ किलोमीटर पुरतात. पण शिल्लक अंतर ४ किलोमीटरच असेल, तर ६ मिनिटे ४० सेकंदांऐवजी २ मिनिटे ४० सेकंदच हाती राहतात, आणि गमावलेली वेळ भरून काढण्यासाठी ताशी ९० किलोमीटर वेगाने वस्तीतून धावावे लागेल. या क्षणी स्पर्धकाची खरी परीक्षा होते. येथे दंड स्वीकारावा आणि पुढील टप्प्यावर लक्ष द्यावे, एवढेच शहाणपणाचे. थकलेल्या कर्जाला नवे कर्ज देऊन खाते चालू असल्याचा देखावा करणारा अधिकारी तोटा मिटवीत नाही, तो पुढे ढकलून वाढवतो. फाटकात गेलेली चार मिनिटे वस्तीत वसूल करू पाहणारा चालक त्याच चुकीच्या वाटेने जात असतो. बुडीत रकमेची वेळीच तरतूद करणे यात नामुष्की नाही. तशीच दंडाच्या गुणांतही नाही. आणि हा निर्णय फाटकाशी उभे राहून घेण्याचा नाही. ‘किती उशीर झाला म्हणजे पाठलाग सोडावयाचा’ हे घरूनच ठरवून निघावे लागते.

आयोजकांवरही काही जबाबदारी आहे. एखाद्या टप्प्यावर गेलेली वेळ भरून काढण्याची संधीच राहू नये अशी गुणपद्धती, वस्ती व शाळा यांच्या परिसरात कमी सरासरी वेग, आणि फाटकासारख्या अडथळ्यासाठी वेळेची सूट हे नियम कागदावर नव्हे तर मार्ग आखतानाच विचारात घ्यावयास हवेत. आणखी एक विषमता दूर करणे अगत्याचे आहे. ज्याच्याकडे रजा, पेट्रोल आणि पैसा आहे तो संभाव्य मार्गावर दहा वेळा फिरून येऊ शकतो. कारकुनाला ते शक्य नसते. जागतिक रॅली स्पर्धेत पूर्वपाहणीच्या फेऱ्या दोनवर मर्यादित करून हा प्रश्न सोडवण्यात आला आहे. हौशी स्पर्धेत मार्गपुस्तिका सर्वांना एकाच वेळी, पुरेशा अवधीने देणे हा सर्वांत स्वस्त आणि न्याय्य उपाय आहे. हौसेची स्पर्धा हौस असणाऱ्या प्रत्येकाची राहावी, केवळ ऐपत असणाऱ्याची होऊ नये.

पॉलिसीतील बारीक अक्षरे

तयारीच्या यादीत जी बाब सर्वांत शेवटी येते, किंबहुना बहुधा येतच नाही, ती कागदपत्रांची. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार राज्य शासनाच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत किंवा वेगाची चाचणी करणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने त्याची शिक्षा वाढवण्यात आली. तेव्हा प्रवेश-शुल्क भरण्यापूर्वी आयोजकांकडे परवानगी आहे का, हे विचारण्यात संकोच नसावा.

दुसरी गोष्ट विम्याची. खासगी मोटारीच्या नेहमीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा दिलेल्या असतात. आयोजित शर्यत, वेगचाचणी आणि विश्वासार्हता-चाचणी यांसाठीचा वापर त्यात वगळलेला असतो. आपली रॅली शर्यत नाही, म्हणून हे वगळणे आपल्याला लागू नाही, अशी समजूत करून घेणे धोक्याचे. विमा कंपनीला लेखी विचारावे आणि आवश्यक ते पृष्ठांकन जादा हप्ता भरून घ्यावे. आयोजकांनी त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीसाठी स्पर्धेचा स्वतंत्र विमा उतरवला आहे का, हेही पाहावे. आयोजित शर्यतीसाठी व वेगचाचणीसाठी गाडी वापरली गेल्यास त्रयस्थाच्या दाव्यातही बचाव मांडण्याची मुभा कायद्याने विमा कंपनीला दिली आहे. ज्या माणसाने प्रवेशपत्र भरलेले नव्हते, त्याच्या भरपाईचाच प्रश्न मग अडकून पडू शकतो.

अनेक घरगुती गाड्या बँकेच्या कर्जातून घेतलेल्या असतात आणि त्या बँकेकडे तारण असतात. अपघातात गाडी मोडली आणि दावा नामंजूर झाला, तरी कर्जाचा हप्ता दर महिन्याच्या ठरल्या तारखेला देय होतोच. एका रविवारची हौस घराच्या पुढील चार-पाच वर्षांच्या अंदाजपत्रकावर बसू नये, एवढ्यासाठी पॉलिसीतील ती बारीक अक्षरे आदल्या शनिवारी नव्हे, तर महिनाभर आधी वाचावीत. हा सल्ला रुक्ष वाटेल. पण तयारी या शब्दात त्याचाही समावेश आहे.

शेजारच्या आसनावरील माणूस

शेवटी तयारीचा सर्वांत अवघड भाग. रॅलीत चालकाशेजारी बसून मार्ग सांगणाऱ्या सहकाऱ्याला नॅव्हिगेटर म्हणतात. हौशी स्पर्धेत तो बहुधा पत्नी, भाऊ, मुलगी किंवा कार्यालयातील सहकारी असतो. गाडी उत्तम असते, कोष्टके तयार असतात, आणि तरीही तिसऱ्याच वळणावर ‘मी सांगितले होते’ आणि ‘तू आधी सांगावयास हवे होते’ यांची सुरुवात होते. अनोळखी रस्त्यापेक्षा हा वादच अधिक स्पर्धकांना मागे टाकीत असावा. त्यावर उपाय एकच. दोघांनी आधी ओळखीच्या रस्त्यावर सराव करावा, कोणता शब्द केव्हा उच्चारावयाचा ते ठरवावे, आणि चूक झाल्यास तिची चर्चा मुक्कामावर करावी, चौकात नव्हे.

मुंबईसह देशातील अनेक शहरांत दृष्टिहीन व्यक्तींना नॅव्हिगेटर करून मोटार-रॅली आयोजित केल्या जातात. मार्गपुस्तिका ब्रेल लिपीत असते. डोळस चालकाला ती वाचता येत नाही आणि ती वाचणाऱ्याला रस्ता दिसत नाही. बोटांच्या टोकांनी ठिपके चाचपीत शेजारी म्हणतो, ‘दोनशे मीटरवर उजवीकडे,’ आणि डोळ्यांपुढे सरळ, मोकळा रस्ता दिसत असतानाही चालकाला उजवीकडे वळावे लागते. एरवी ज्याचा हात धरून रस्ता ओलांडून द्यावयाचा, त्याच्या शब्दावर आपली गाडी सोपवावयाची! या स्पर्धा दानधर्म म्हणून पाहण्याची रीत आहे. वस्तुतः हौशी मोटार-क्रीडेचे हे सर्वांत शुद्ध रूप मानावयास हवे. तेथे वेगाला काही किंमत नाही. माहिती, अचूकता आणि विश्वास या तीनच गोष्टींवर निकाल लागतो. म्हणून नॅव्हिगेटरचे नाव चषकावर चालकाच्या नावाखाली लहान अक्षरांत नव्हे, तर त्याच्या शेजारी, त्याच आकारात कोरले जावे, ही अपेक्षा गैर नाही.

हिवाळ्यातील एखाद्या रविवारी, धुके विरण्यापूर्वी, विमानतळाच्या बाजूने एक साधी घरगुती गाडी जेसोर रोडला लागते, असे कल्पून पाहावे. टायरमधील हवा तपासलेली, कोष्टक गुडघ्यावर, पॉलिसीचे पृष्ठांकन कप्प्यात, दुसरा चष्मा खिशात. ‘डान’ म्हणजे उजवा, हे दोघांनाही पाठ. पुढे पर्जन्यवृक्षाच्या बुंध्याआडून एक सायकल बाहेर येते. कॅरियरला दुधाच्या किटल्या आहेत. चालक वेग कमी करतो, सायकलला पुरी वाट देतो. घड्याळातील सात सेकंद जातात. नॅव्हिगेटर ते सात सेकंद वहीत नोंदवते आणि पुढील किलोमीटरांवर थोडे थोडे वाटून टाकते. सायकलवाल्याला आपण एका स्पर्धेच्या मार्गात होतो, हे कळतही नाही.

त्याला ते कळू नये, हीच चांगल्या तयारीची कसोटी होय.